वही कुणाच्या हातात?

गेल्या आठवड्यात आमच्या घरात एका कागदावरून चांगलंच वाजलं. कागद म्हणजे धाकटीच्या कॉलेज-प्रवेशाचा अर्ज. बारावीला गुण बरे पडले. आता पुढं काय, तर म्हणे गृहविज्ञान! आमचे भावजी नेमके त्या दिवशी जेवायला होते. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "पोळ्या लाटायला कॉलेजात जायचं? वहिनी, तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकला होता?"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू? धाकटी मात्र ताटावरून उठली.

हसल्या नाहीत त्या एकट्या सासूबाई. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. कानांनी कमी ऐकतात, पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकतात. हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "मला शिकवलं होतं. सिस्टरांनी."

आता या घरात मला तीस वर्षं झाली, पण ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. भावजींनीही पहिल्यांदाच ऐकली असावी. सासूबाई माजघरात गेल्या. त्यांच्या लग्नातली पत्र्याची ट्रंक आहे, तिच्या तळाशी हात घालून त्यांनी एक पुठ्ठ्याची वही काढली. पानं पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या, पण अक्षर कसं मोत्यासारखं!

लग्नाआधीची गोष्ट, १९६० च्या आसपासची. त्यांच्या माहेरच्या गावाजवळ सिस्टरांचं एक लहानसं घर होतं. दवाखाना होता आणि दुपारी मुलींचा वर्ग भरे. आजूबाजूच्या मुली जात. सासूबाईंच्या वडिलांना धास्ती, पोरीला बाटवतील. शेवटी आजीनं मध्यस्थी केली. शिवण शिकायचं, प्रार्थनेला बसायचं नाही, अशी अट घालून पाठवलं. सिस्टरांनी अट मान्य केली नि पाळलीही. तिथं दीड वर्ष जाऊन आमच्या सासूबाई सहा विषय शिकल्या. वहीच्या पहिल्या पानावर ते ओळीनं लिहिले आहेत : स्वयंपाक, शिवण, धुणं, आजाऱ्याची शुश्रूषा, बाळाची निगा आणि जमाखर्च.

वही उघडून मी बसले ती उठलेच नाही. शिवणाच्या पानांवर कापडाचे खरेखुरे तुकडे टाचलेले आहेत. धावदोरा, उलटी टीप, काज, रफू, एकेकाचा नमुना, खाली तारीख. स्वयंपाकाच्या पानांवर प्रत्येक पदार्थाचं माप. आधी शेर आणि छटाक, मग त्याच्याच बाजूला वेगळ्या शाईनं ग्रॅम. तेव्हाच देशात नवी वजनं येत होती ना! १९६२ पासून बाजारात किलोच सक्तीचा झाला. शेर म्हणजे जवळजवळ ९३३ ग्रॅम, छटाक म्हणजे ५८. जुन्या बायकांचा त्या वेळी किती गोंधळ उडाला असेल! सिस्टरांनी मुलींना बसवून कोष्टकच करून दिलं होतं.

"त्यांना ना नवरा, ना मूल, ना सासर," मी म्हटलं. "त्यांनी संसार कसा काय शिकवला, आत्याबाई?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, संसार नव्हता म्हणूनच. आपली आई म्हणते, मीठ अंदाजानं घाल. सिस्टरला अंदाज माहीतच नव्हता. ती म्हणायची, किती ते सांग."

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. म्हटलं, बघूया तरी, या सिस्टरांना हे घरकामाचं शिक्षण आलं कुठून आणि आपल्या बाजूला ते पोचलं कसं. चार पुस्तकं चाळली. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते.

गोष्ट फार मागे जाते. इटलीतल्या ब्रेशिया गावी १५३५ साली अँजेला मेरिची नावाच्या बाईनं अविवाहित स्त्रियांचा एक संघ काढला. त्या काळी तिकडच्या मुलीपुढं दोनच वाटा, लग्न नाहीतर मठाच्या भिंती. या बायका मात्र आपापल्या घरी राहून व्रत पाळत. त्याच पुढं उर्सुलाईन सिस्टर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या आणि युरोपभर त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. अशा शाळांत वाचन, धर्म आणि सुईदोरा ही तिन्ही बरोबरीनं शिकवली जात.

दुसरी गोष्ट फ्रान्समधल्या लिआँ शहरची. हे रेशमाचं गाव, आपल्याकडच्या येवल्यासारखं म्हणा ना. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत क्लॉदीन तेवने या मुलीचे दोन भाऊ मारले गेले. तिनं पुढं रस्त्यावरच्या अनाथ मुली गोळा केल्या, त्यांना रेशमाचं विणकाम आणि शिवण शिकवलं, म्हणजे मोठेपणी कुणापुढं हात पसरायला नको. १८१८ साली तिनं 'जीझस अँड मेरी' हा सिस्टरांचा संघ स्थापला. याच संघाच्या सिस्टर १८४२ साली आग्र्याला आल्या आणि काही वर्षांत मुंबई-पुण्यालाही पोचल्या. पुण्या-मुंबईची जुनी कॉन्व्हेंटं आपल्याला आठवतात ती इंग्रजी शाळांमुळं. पण अशा आवारांत बहुधा अनाथ मुलींचं एक घरही असे, आणि तिथल्या मुलींच्या हाती पुस्तकाइतकीच सुई असे.

आता केडगाव. मी केडगावची म्हटलं की बाहेरची माणसं हटकून विचारतात, "पंडिता रमाबाईंचं का?" नाही हो. आमचं केडगाव नगरजवळचं, रेणुकामातेचं, पुणे रस्त्यावरचं. जिल्ह्याचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं. रमाबाईंचं केडगाव पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, रेल्वेच्या वाटेवर. दोन्ही गावांची नावं सारखी, एवढंच काय ते नातं. पण या खेपेला त्या केडगावाला जाणं भाग आहे, कारण सिस्टरांच्या शिक्षणाचा धागा आपल्या मराठी घरांत शिरला तो बराचसा रमाबाईंच्या हातून.

रमाबाई स्वतः सिस्टर नव्हेत. पण १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा वाँटेज या गावी सिस्टरांच्याच मठात उतरल्या. लहानगी मनोरमा बरोबर. हा मठ इंग्लंडच्या चर्चचा. त्याच संघाच्या सिस्टर १८७७ पासून पुण्यातही काम करत होत्या, तिथूनच ओळख झालेली. लंडनच्या फुलम भागात या सिस्टरांचं एक घर होतं. समाजानं टाकलेल्या बायकांना तिथं आसरा मिळे, पुन्हा उभं केलं जाई. ते पाहून रमाबाईंच्या मनावर फार परिणाम झाला, तसं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. टाकलेल्या बाईला कामाची शिकवण देऊन उभं करता येतं, हे त्यांनी तिथं डोळ्यांनी पाहिलं.

पण सगळं गोडीगुलाबीनं झालं असं समजू नका. सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या तिथल्या मार्गदर्शक. त्या दोघींची पत्रं पुढं १९७७ साली पुस्तकरूपानं छापली गेली. वाचून पाहा, एखाद्या तेज सुनेची नि शिस्तीच्या सासूची आठवण होईल! सिस्टरांना हवी होती आज्ञाधारक शिष्या. रमाबाई म्हणत, धर्म स्वीकारला म्हणून माझी बुद्धी तुमच्या स्वाधीन केली नाही. वाद पार स्वयंपाकघरापर्यंत गेला. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला पण शाकाहार सोडला नाही. सिस्टरांना यात जुन्या जातीचा अभिमान दिसे. काय खायचं, हे मी ठरवणार, यावरून त्या मागे हटल्या नाहीत. मला तर हे वाचून फार बरं वाटलं. सिस्टरांकडून घेण्यासारखं ते घेतलं, पण आपल्या ताटावरचा हक्क त्यांच्याकडे दिला नाही.

पुढं ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंनी शारदा सदन काढलं, विधवा नि निराधार मुलींसाठी. वर्षभरानं ते पुण्यात आलं. मुलींना बाटवतात असा गवगवा होऊन १८९३ साली अनेक पालकांनी आपल्या मुली काढूनही नेल्या. आमच्या सासूबाईंच्या वडिलांची धास्ती आली ती इतक्या लांबून! ती धास्ती अगदीच उगीच होती असंही म्हणवत नाही. मग १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेग आला. रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या नि केडगावी मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथं दीड हजार जणी होत्या. दीड हजार जणींचा स्वयंपाक, कपडे, आजारपण, सगळं त्यांचं त्याच करत. शेती, गाईगुरं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई, एवढंच काय छापखानासुद्धा बायकांच्या हातात. रमाबाईंनी केलेलं बायबलाचं मराठी भाषांतर या बायकांनीच छापलं. ते १९२४ साली पुरं होऊन बाहेर पडलं, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी कोण, ठाऊक आहे? गोदूबाई जोशी. त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. 'बाया कर्वे' म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या. आणि कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, त्याच्या मागे जपानमधल्या महिला विद्यापीठाचा नमुना होता. तिकडच्या या विद्यापीठात, १९०१ साली ते निघाल्यापासूनच, गृहशास्त्र हा एक मुख्य विषय होता. कर्व्यांनीही मराठीतून शिकवायच्या विषयांत गृहशास्त्राला जागा दिली. बघा, वाँटेजच्या मठातून निघालेला एक धागा आणि टोकियोहून आलेला दुसरा, दोन्ही आपल्या हिंगण्याला येऊन मिळाले.

मग ही गोष्ट देशभर पसरली. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यातच भरलं. त्याच परिषदेच्या खटपटीतून १९३२ साली दिल्लीला लेडी आयर्विन कॉलेज निघालं, खास गृहविज्ञानाचं. स्वातंत्र्यानंतर हंसाबेन मेहता बडोदा विद्यापीठाच्या कुलगुरू असताना तिथं गृहविज्ञानाची स्वतंत्र शाखा आली. एव्हाना हा विषय नुसता सुईदोऱ्याचा राहिला नव्हता. अमेरिकेत एलन रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी पाणी, हवा नि अन्नातली भेसळ प्रयोगशाळेत तपासून दाखवली होती. स्वयंपाकघर ही पण एक प्रयोगशाळाच आहे, हे सांगायला त्यांनी १८९९ पासून परिषदा भरवल्या.

सिस्टरही मागे राहिल्या नाहीत. मुंबईत 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी' या संघानं १९५५ साली निर्मला निकेतन सुरू केलं, आधी समाजकार्याचं, नंतर साठच्या दशकात गृहविज्ञानाचं कॉलेज. या संघाची गंमत अशी, की तो फ्रेंच राज्यक्रांतीत निघाला. तेव्हा मठांवरच बंदी आली होती, म्हणून या सिस्टरांनी झगा-डोकीवरचा पदर काही ठेवलंच नाही, चारचौघींसारख्याच राहिल्या. आपल्याकडे साडीत वावरल्या. दुसऱ्या एका संघानं, 'सेक्रेड हार्ट'च्या सिस्टरांनी, १९४० साली सोफिया कॉलेज काढलं होतं. त्याच आवारात १९७० साली पॉलिटेक्निक आलं आणि त्यात खाद्यपदार्थ नि उपाहारगृहाचा धंदा शिकवण्याची सोय झाली. म्हणजे पाहा, रांधणं शिकवलं ते आता चुलीपुरतं नव्हे, पगार मिळवण्यासाठी. आहारतज्ज्ञ, बालवाडीच्या शिक्षिका, कापडाच्या तपासनीस, वसतिगृहांच्या व्यवस्थापिका, कितीतरी जणी अशा शिक्षणातून बाहेर पडल्या.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, वा, सिस्टरांनी किती चांगलं केलं! मलाही तसंच वाटलं होतं. पण एका देशाची हकीकत वाचून मन थांबलं. तो देश आयर्लंड.

आयर्लंडमध्ये स्लायगो इथं उर्सुलाईन सिस्टरांनी १९५२ साली सेंट अँजेलाज कॉलेज काढलं, शाळांतून गृहशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका तयार करायला. फार नावाजलं गेलं. पण त्याच देशात दुसऱ्या काही संघांच्या सिस्टर धुलाईखाने चालवत होत्या. लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या, अनाथ, नाहीतर नुसत्याच 'वाया जातील' अशा वाटलेल्या मुली तिथं आणून टाकत. बाहेरच्या हॉटेलांचे, दवाखान्यांचे कपडे त्या दिवसभर धूत. मजुरी नाही. बाहेर पडायची मुभा नाही. कित्येकींचं नावसुद्धा बदललेलं. १९२२ पासून निदान दहा हजार बायका या धुलाईखान्यांतून गेल्या. शेवटचा डब्लिनचा धुलाईखाना बंद झाला तो १९९६ साली. २०१३ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत या बायकांची जाहीर माफी मागितली.

काम तेच बघा. धुणं, निळ, खळ, इस्त्री. एका आवारात ते शास्त्र होतं, त्याची परीक्षा होती, प्रमाणपत्र होतं. दुसऱ्या आवारात तीच शिक्षा होती. फरक कशाचा? सिस्टरांच्या दयेचा म्हणावं, तर दया दोन्हीकडे बोलून दाखवत होते. मला दिसला तो फरक वहीचा. पहिल्या ठिकाणी काय केलं, किती केलं, त्याचं मोल काय, हे शिकणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या वहीत होतं. दुसऱ्या ठिकाणी वही दुसऱ्याच्या कपाटात.

हे मी रात्री सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. नुसती वही माझ्याकडून घेतली नि पाठीमागची पानं उघडून दिली. मी ती पाहिलीच नव्हती.

ती जमाखर्चाची पानं, लग्नानंतरची. १९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. रेशनवर तांबडी मिलो, मुलांना सुकडी, आणि जिकडे तिकडे खडी फोडायची कामं. सासरे एका पेढीवर कारकून होते. पेढीचं काम बसलं, पगार निम्म्यावर आला. सासूबाईंनी सिस्टरांकडे शिकलेलं शिवण बाहेर काढलं. एक जुनं हातमशीन मिळवलं नि घरबसल्या पोलकी, परकर, शाळेचे गणवेश शिवायला लागल्या. खर्चाच्या बाजूला सगळं नेटकं : रॉकेल, गूळ, पाट्या-पेन्सिली, दळण. जमेच्या बाजूला वर 'पगार'. आणि खाली, दर महिन्याला, एकच शब्द : 'किरकोळ'.

"हे किरकोळ काय, आत्याबाई?"

"शिवणाचे पैसे."

"मग शिवण असं का नाही लिहिलं?"

"यांनी सांगितलं, किरकोळात टाक. मी टाकलं." जरा वेळानं म्हणाल्या, "चार माणसांत वही दाखवायची वेळ आली असती, तर बायको शिवते असं दिसलं असतं ना."

धाकटी दाराशी उभी राहून ऐकत होती. ती आत आली, मोबाईल काढला आणि त्या एका वर्षाचं 'किरकोळ' बेरीज करत बसली. ५४८ रुपये झाले. मग तिनं खर्चाच्या बाजूचं रेशन, रॉकेल आणि तिन्ही मुलांच्या पाट्या-पुस्तकांची बेरीज केली. ती ४९० झाली. तिघांतले एक आमचे हे, आणि एक ते पोळ्यांची थट्टा करणारे भावजी.

सासूबाई म्हणाल्या, "आता काय त्याचं," आणि दिवा घालवायला सांगितला.

मैत्रिणींनो, सासऱ्यांना मी दोष देत नाही. भला माणूस होता, तो काळच तसा. पण आजही काय वेगळं आहे? केंद्र सरकारनं २०२४ साली देशभर पाहणी केली, कोण दिवसातला किती वेळ कशात घालवतं. घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८ मिनिटं. वर्षाच्या तीनशेपासष्ट दिवसांचा हिशेब तुम्हीच करा. आणि हे सगळं अजून 'किरकोळ'मध्येच आहे.

म्हणून या आठवड्याला तुम्हाला पाककृती देत नाही, एक वही करायला सांगते. शंभर पानी, साधी. सिस्टरांच्या पद्धतीची.

पहिला भाग मापांचा. घरातली वाटी एकदा पाण्यानं मोजून घ्या आणि तिच्यात किती मिलिलीटर बसतं ते लिहून ठेवा. तुमचा वरणभात, तुमचा चिवडा, तुमचं लोणचं, एकदा तरी मापानं करून लिहा. 'अंदाजानं' हा शब्द वहीत येऊ द्यायचा नाही. तुमच्या हाताची चव तुमच्याबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठी. काही ठिकाणी तर मापावर जीव असतो. घरात जुलाब लागले आणि दुकानातलं पाकीट हाताशी नसलं, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं वाढलं तर लहान बाळाला अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच भरा. बाळ मलूल झालं, पाणीही पोटात ठरेना, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे.

दुसरा भाग 'का' चा. तांदूळ चोळचोळून धुतले की बी जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं, म्हणून एकदोनदा हलकेच. भाजी आधी धुवायची, मग चिरायची, तेही त्याच कारणानं. मटकीला मोड आणले की क जीवनसत्त्व तयार होतं. पालेभाजीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की अडतं. यांतलं बरंचसं आपल्या आज्या करतच होत्या. कारण समजलं, की सून मुलीला सांगताना 'आमच्यात असंच करतात' एवढ्यावर थांबत नाही.

तिसरा भाग जमाखर्चाचा आणि हा सर्वांत महत्त्वाचा. तुम्ही शिकवण्या घेता, पापड लाटता, शिवता, डबे देता, भिशी सांभाळता, त्याचे पैसे वहीत त्या त्या नावानं लिहा. किरकोळ म्हणून नाही. आणि ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत, आजाऱ्याची सेवा, पोरांचा अभ्यास, सासऱ्यांच्या औषधांच्या वेळा, त्याचे निदान तास लिहा. महिनाभर लिहून पाहा. भांडायला नाही, बघायला. आमच्या घरी मी काही दिवस लिहितेय. यांनी परवा आपण होऊन पाण्याच्या बाटल्या भरल्या. आता हे वहीमुळं की सुनेपुढं आईची वही उघडी पडली म्हणून, ते देव जाणे!

अर्जाचं काय झालं, विचाराल. गेला. सही यांनी केली. भावजींचं मत अजून बदललेलं नाही. रविवारी आले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्यापुढं ती वही ठेवली नि बोट ठेवून एवढंच म्हणाल्या, "तुझी दुसरीची पुस्तकं." भावजींनी बराच वेळ पान पाहिलं. मग चहा मागितला.

धाकटीनं मात्र एक काम केलं. आजीला विचारून, त्या वर्षातल्या प्रत्येक महिन्याच्या 'किरकोळ' पुढं, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं : शिवण. खोडलं काही नाही. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "वेलांटी जरा लांब झालीय."

तुमच्याही ट्रंकेत कुणाची अशी वही असेल तर उन्हात घाला, कसर झटका आणि वाचा. मागची पानं आधी वाचा.

पुढच्या आठवड्यात थंडीचे कपडे काढायचेत, तेव्हा लोकरीच्या धुण्याबद्दल बोलू.